विद्यापीठातले डीएनए-यंत्र आणि आपला खोकला

एखाद्या विद्यापीठाने काही कोटी रुपयांचे ‘डीएनए सिक्वेन्सिंग’ यंत्र घेतल्याची बातमी येते, तेव्हा दवाखान्यात कोणीतरी विचारतेच, “डॉक्टर, सरकारी दवाखान्यात साधी औषधे वेळेवर मिळत नाहीत आणि तिकडे एवढा पैसा कशाला?” प्रश्न रास्त आहे. एकाच विभागाने ते यंत्र कुलपात ठेवले, तर तो पैसा वायाच गेला म्हणायचा. अनेकांनी मिळून वापरले, तर त्याचा लाभ आपल्या घरापर्यंत येऊ शकतो.

यंत्र काय करते?

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो. ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेली ती एक लांबलचक पोथीच समजा. माणसाच्या पोथीत सुमारे ३ अब्ज अक्षरे असतात, क्षयाच्या जंतूच्या पोथीत सुमारे ४४ लाख. त्यातले एखादे अक्षर बदलले तरी अनर्थ होऊ शकतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा आजार एका अक्षराच्या बदलाने होतो. क्षयाच्या जंतूत मोजकी अक्षरे बदलली की नेहमीची गोळी त्याच्यावर चालत नाही. हे यंत्र अशी अक्षरे वाचून दाखवते.

फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये अक्षरे वाचण्याची जी पद्धत शोधली, तीत एका वेळी छोटासा तुकडाच वाचता येई. आजची यंत्रे कोट्यवधी तुकडे एकदम वाचतात आणि संगणक ते जुळवतो.

एकत्र का घ्यावे?

इल्युमिना कंपनीचे ‘नोव्हासेक ६०००’ हे मोठे यंत्र २०१७ मध्ये बाजारात आले, तेव्हा त्याची जाहीर किंमत ९ लाख ८५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सहा कोटी रुपयांहून अधिक होती. लहान यंत्रे बरीच स्वस्त मिळतात. पण खरा खर्च खरेदीनंतर सुरू होतो. प्रत्येक फेरीला महागडी रसायने लागतात. ती अतिथंड ठेवावी लागतात आणि त्यांना मुदत असते. शिवाय एस.टी.त चार उतारू बसले काय आणि पन्नास बसले काय, डिझेल जवळजवळ तेवढेच जळते. या यंत्राचेही तसेच आहे. फेरी भरून गेली, तरच एका नमुन्याचा खर्च आवाक्यात येतो.

मग निरनिराळ्या रुग्णांचे नमुने एकत्र घातले, तर घोटाळा होणार नाही का? पूर्वी परीट बिब्ब्याने प्रत्येक घरच्या कपड्यांवर वेगळी खूण करी आणि सगळे कपडे एकाच भट्टीत घाली. इथेही प्रत्येक नमुन्याला डीएनएचीच एक छोटी खूण जोडतात. वाचन झाल्यावर संगणक त्या खुणेवरून ज्याचे त्याला वेगळे काढून देतो.

म्हणून विद्यापीठाने जवळचे वैद्यकीय महाविद्यालय, कृषी आणि पशुवैद्यक संस्था यांना आधीच सोबत घ्यावे. वर्षभरात किती नमुने येतील, दर काय राहील, पाळी कशी लागेल, हे खरेदीपूर्वी कागदावर यावे. वार्षिक देखभाल, अखंड वीज, वातानुकूलन आणि प्रशिक्षित माणसांचे पगार यांची तरतूदही तेव्हाच हवी. अशी उपकरणे इतर संशोधकांना वापरता यावीत म्हणून केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ ही देशव्यापी सोय सुरू केली आहे.

याचा पडताळा करोनाच्या साथीत आला. डिसेंबर २०२० मध्ये विषाणूची अक्षरे वाचण्यासाठी देशातल्या १० प्रयोगशाळांचे ‘इन्साकॉग’ हे जाळे उभे राहिले. त्यात पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि पुणे विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र होते. यंत्रे आणि ती चालवणारे हात आधीपासून तयार होते, म्हणूनच हे काम होऊ शकले.

वाचकांनी काय लक्षात ठेवावे?

प्रत्येक तपासणीला हे यंत्र लागत नाही. सिकलसेलसाठी रक्ताची साधी तपासणी आणि नंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी पुरते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तिथल्या सीबीनॅट तपासणीत क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन हे औषध चालेल का, हे सुमारे दोन तासांत कळते. बरीच औषधे निकामी ठरल्याचा संशय आला, की डीएनए-वाचनाचा खरा उपयोग होतो. जंतू वाढवून औषधे तपासण्यात कित्येक आठवडे जातात. वाचनाने अनेक औषधांचा अंदाज काही दिवसांत येतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ मध्ये क्षयासाठी अशा तपासणीची शिफारस केली आहे.

संशोधनासाठी कोणी रक्ताचा नमुना मागितला, तर घाबरून नकार देऊ नका, पण न विचारता सहीही करू नका. नमुना कशासाठी हवा, नाव गुप्त राहील का, दोष आढळल्यास आम्हाला कळवणार का, हे तीन प्रश्न जरूर विचारा. आणि संशोधनातला निष्कर्ष हाती आला, तरी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत खात्री केल्याशिवाय आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नका.