सातबारा शोधताना चाक का फिरत राहतं?

'सर्व्हर स्लो आहे,' हे वाक्य मुखेड-अहमदपूरकडच्या सेवा केंद्रांतही ऐकू येतं. पण अनेकदा यंत्र पुरेसं वेगवान असतं. शोधायची वाट लांबची असते.

डिजिटल सहीचा सातबारा राज्यात २०१८ पासून मिळतो. नांदेडचे १६ आणि लातूरचे १० तालुके धरले, तरी नोंदी अफाट. अशा नोंदींच्या डेटाबेसमध्ये 'इंडेक्स' म्हणजे क्रमानं लावलेली सूची ठेवता येते. ती असेल तर कोटीभर नोंदींतूनही मोजक्या टप्प्यांत हवी ती सापडते. नसेल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या नोंदी चाळाव्या लागतात.

सूची कशाची, हेही महत्त्वाचं. गट क्रमांक ११२ कितीतरी गावांत असतो. म्हणून गाव आणि गट यांची एकत्र सूची हवी. आडनावाच्या मधल्या किंवा शेवटच्या अक्षरांवरून शोधलं, तर साधी सूची कामाची नाही. शब्दकोशात 'कर'नं संपणारे शब्द शोधून पाहा, म्हणजे कळेल!

कधी कारण वेगळंच असतं: एखादा फेरफार अर्धवट थांबतो, त्या नोंदीला कुलूप लागतं आणि ती बदलू पाहणारे सगळे ताटकळतात.

म्हणून शोध रेंगाळला, की जाणकार आधी डेटाबेसलाच विचारतो: ही माहिती तू कोणत्या वाटेनं शोधणार? डेटाबेस आपला आराखडा दाखवतो. महागडा सर्व्हर घेण्याआधी हा आराखडा वाचायलाच हवा.