रूळ गेले रणावर, तोफा आल्या भट्टीत

युद्ध सुरू झालं की सरकारला लोखंड कमी पडतं. परदेशातून माल आणायला बोटी मिळत नाहीत. मग नजर जाते ती दिवसाकाठी एखाददुसरी गाडी धावणाऱ्या रेल्वेफाट्यांवर. दुसऱ्या महायुद्धात केरळातला शोरनूर–नीलांबूर फाटा १९४१ मध्ये असाच उखडला गेला. पुढच्या वर्षी कांगडा खोऱ्यातला नगरोटा–जोगिंदरनगर. दोन्हीकडे गाडी परत धावायला १९५४ साल उजाडलं.

रूळ उखडायचं काम शेवटच्या स्टेशनापासून जंक्शनकडे, उलटं करावं लागतं. उखडलेले रूळ न्यायचे ते उरलेल्या रुळांवरूनच! गँगमन फिशप्लेटचे बोल्ट सोडतात, पहारीनं स्लीपरातले खिळे उपटतात आणि मुकादमाच्या हाळीवर सगळे मिळून रूळ वाघिणीत चढवतात. छोट्या फाट्याचा रूळ असा उचलायला सोयीचा. बार्शी लाइट रेल्वेचा मूळ रूळ यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. शिवाय रूळ वितळवायची गरज नसते, उचलून दुसरीकडे अंथरले की झालं. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये बसरा–नासिरिया मार्ग मीटर गेजचा झाला, कारण सामान हिंदुस्थानातून गेलं. आपली पुणे–मिरज गाडीही तेव्हा त्याच गेजवर धावत होती.

त्याच युद्धात, त्याच पुणे–मिरज मार्गावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ वेगळीच टंचाई होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना काढला होता. नांगर हा त्यांचा मुख्य माल. विलायतेहून येणारं कच्चं लोखंड थांबलं, भट्टीचा कोकही मिळेना. कोकऐवजी लाकडी कोळसा वापरून पाहिला. तो मऊ, वरच्या लोखंडाच्या भारानं चुरतो, हवा कोंडते, रस नीट उतरत नाही. तरी त्यावर काम भागवलं. लोखंडासाठी शाहू महाराज धावून आले. कोल्हापूर संस्थानात निकामी पडलेल्या तोफा त्यांनी किर्लोस्करांना दिल्या. तोफ बिडाची, नांगरही बिडाचा. धातू एकच, म्हणून हे जमलं. पोलादी रुळांचं तसं नसतं, ते बिडाच्या भट्टीत निमूट मिसळत नाहीत.

इतिहासप्रेमींना त्या तोफांची हळहळ वाटेल. मला वाटत नाही. गंजून मातीत जाणाऱ्या नळीपेक्षा कुंडलच्या काळ्या रानात चालणारा फाळ मला केव्हाही जास्त मोलाचा वाटतो.