पडदा आणि एकटेपण

25 मार्च 2020 ला कोविडमुळे देशभर टाळेबंदी लागली आणि पन्हाळ्याच्या डोंगराळ वाड्यांतल्या कॉलेजच्या मुलांसाठी वर्ग, मित्र, करमणूक सारे एका मोबाइलमध्ये आले. महासाथीच्या पहिल्या वर्षी जगभर चिंता आणि नैराश्य सुमारे 25 टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सांगितले. तरुणांना झळ अधिक बसली. मग दोष इंटरनेटचा? मला तसे वाटत नाही. आजाराची भीती, बुडालेली कमाई, लांबलेल्या परीक्षा ही कारणे तेव्हाच घरात होती, आणि अस्वस्थ मूलच मोबाइलकडे जास्त वळते. म्हणून केवळ तास मोजून निदान होत नाही.

पण मोबाइल निर्दोष आहे, असेही नाही. मृत्यूच्या बातम्या रात्री उशिरापर्यंत चाळत राहिले की झोप मोडते, आणि मोडलेली झोप चिंता वाढवते. त्याच मोबाइलवर मैत्रिणीशी तासभर बोलणे मात्र आधार देते. तेव्हा आईबापांनी ‘किती वेळ?’ याआधी ‘काय बघतोस, झोप लागते का?’ हे विचारावे. उत्तर काळजीचे वाटले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.