लिव्हरची गोळी चालू आहे ना, मग?

"लिव्हरची गोळी चालू आहे, काही होत नाही," असं म्हणत संध्याकाळी बसणारा एखादा तरी तुमच्या ओळखीत असेलच. कुणाची भिस्त भुईआवळीच्या रसावर, कुणाची कुटकीवर, तर परदेशी वारी करून आलेल्याची 'मिल्क थिसल'च्या कॅप्सूलवर. समजूत मात्र एकच: रात्री दारूने बिघडवायचं आणि सकाळी काढ्याने सावरायचं.

ही समजूत अगदीच हवेतली नाही. यकृतात अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींना विषारी असतं. उंदरांना आधी वनस्पतींचा अर्क पाजून मग अल्कोहोल दिलं, तर यकृताची इजा दाखवणारे रक्तातले एसजीओटी, एसजीपीटी कमी वाढतात, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. प्रयोग खोटे नाहीत. पण ते काही आठवड्यांत संपतात, आणि नुसत्या अल्कोहोलने उंदराला सहसा सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) होतही नाही. माणूस वीस-वीस वर्षं पितो.

माणसांवर सर्वाधिक तपासलेला अर्क म्हणजे मिल्क थिसलच्या बियांतलं सिलिमारिन. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्नातल्या चाचणीत सिरॉसिसचे 170 रुग्ण होते. चार वर्षांनी सिलिमारिन घेणाऱ्यांपैकी 58 टक्के हयात होते, नकली गोळी घेणाऱ्यांपैकी 39 टक्के. हा आकडा आवर्जून सांगितला जातो. 1998 चा सांगितला जात नाही. त्या वर्षीच्या स्पेनमधल्या चाचणीत दारूमुळे सिरॉसिस झालेल्या 200 रुग्णांना दोन वर्षं रोज 450 मिलिग्रॅम सिलिमारिन किंवा नकली गोळी दिली. जगण्या-मरण्यात फरक पडला नाही. पुढे 2007 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने दारू किंवा हिपॅटायटिसने यकृत बिघडलेल्यांवरच्या 18 चाचण्या एकत्र तपासल्या. मृत्यू टळतात याचा भरवशाचा पुरावा त्यांतही सापडला नाही. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या लिव-52 ची दारूच्या यकृतविकारावरची चाचणी श्रीलंकेत झाली आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही फायदा दिसला नाही.

"पण माझा रिपोर्ट तर गोळीनंच सुधारला!" हा खरा अडचणीचा मुद्दा, कारण रिपोर्ट खरंच सुधारलेला असतो. होतं असं: एसजीपीटी वाढल्याचं कळतं, घरचे बोलतात, माणूस घाबरतो. गोळी सुरू होते आणि त्याच दिवशी पिणंही बंद किंवा निम्म्यावर येतं. दारू पूर्ण सोडली, तर यकृतातली दारूमुळे साठलेली चरबी बहुतेकांत चार ते सहा आठवड्यांत उतरते, गोळी असो वा नसो. श्रेय गोळीला जातं, मग तिच्याच भरवशावर पुन्हा बैठक बसते. माझ्या मते या गोळ्यांचा सर्वांत मोठा अपाय हाच, आणि तो कुठल्याही वेष्टनावर छापलेला नसतो.

वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी, हेही खरं नाही. कोरोनाकाळात, 2020 च्या अखेरीस, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. त्यांतली एक रुग्ण दगावली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला, वाद झाला. तरी आधीच थकलेल्या यकृतावर न सांगता-विचारता आणखी एक अर्क लादू नये, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

शिवाय दारू एकट्या यकृतावर थांबत नाही. स्वादुपिंड, हृदयाचे स्नायू, नसा, मेंदू सगळ्यांना ती पोचते. ती कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच जाहीर केलं आहे. 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ते रोज पोटात जात असताना 'लिव्हर टॉनिक'ने कशाकशाला पुरे पडायचं?

रोज पिणाऱ्याने मात्र हे वाचून आज रात्रीच घरच्या घरी एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणं, झटके, भ्रम असे त्रास होऊ शकतात, कधी जिवावरही बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. जाताना रोजचं प्रमाण खरं सांगा, आणि चालू असलेल्या काढ्या-गोळ्यांच्या बाटल्याही सोबत न्या.