जुना वीर, नवें विश्व

मुंबईहून पुण्याकडे जाणारी आगगाडी १८६३ सालीं प्रथम बोरघाट चढूं लागली, तेव्हां खंडाळ्याच्या अलीकडे तिला एक चमत्कारिक गोष्ट करावी लागे. सुमारें पंधरा मैलांत अठराशे फुटांवर उंची गांठावयाची, आणि डोंगराची कड तर इतकी उभी, कीं रुळांना वळण देण्यास पुरेशी जागाच नाहीं. म्हणून इंजिनियरांनीं तेथें एक 'रिव्हर्सिंग स्टेशन' बांधलें. गाडी त्या स्थानकांत शिरून थांबे. एका टोकाचें इंजिन सोडून दुसऱ्या टोकास लावीत. आणि मग गाडी उलट दिशेनें निघे. नवख्या उतारूस वाटे, कीं आपण परत मुंबईस निघालों. प्रत्यक्षांत गाडी वरच चढत असे. १९२९ सालीं नवा मार्ग काढून हें स्थानक वगळण्यांत आलें. परंतु पुढें जाण्यास जागा उरली नाहीं म्हणजे दिशा पालटून उंची गांठावयाची, ही त्यामागील युक्ति कथाकारांच्याही उपयोगाची आहे.

ज्या सचित्र वीरकथांना घरोघरीं 'कॉमिक' म्हणतात, त्यांच्या जगांत ही युक्ति फार दिवसांपासून चालत आली आहे. एखाद्या लोकप्रिय वीराला निराळ्या विश्वांत पुन्हां जन्मास घालावयाचें, आणि पहिल्या अंकापासून त्याची कथा नव्यानें सांगावयाची, असा हा उपक्रम असतो. वरवर पाहणाऱ्यास तो निव्वळ व्यापारी डाव वाटतो, आणि पुष्कळ वेळां तो तसा असतोही. परंतु त्याच्या पोटांत एक खरा प्रश्न दडलेला आहे. माणसाची सारी परिस्थिति बदलली, तर तो माणूस तोच राहतो काय? आणि राहत असेल, तर तो कशामुळें?

प्रथम या उपक्रमाची गरज कां पडते, तें पाहणें इष्ट होईल. कादंबरीला शेवट असतो. मासिक वीरकथेला तो नसतो. सुपरमॅन १९३८ सालीं जन्मला, बॅटमॅन १९३९ सालीं, आणि स्पायडर-मॅन १९६२ सालीं. त्यांचे पहिले वाचक आजोबा झाले, कित्येक निवर्तले. पण वीर मात्र तरुणच राहिले. दर महिन्यास नवें संकट, नवा शत्रु, नवा विजय. अशा शेंकडों अंकांचा ढीग मागें सांचला, म्हणजे त्यांतील प्रत्येक घटना पुढील लेखकास बांधून ठेवते. नव्या वाचकाची स्थिति तर ऐन मध्यांतरास नाटकगृहांत शिरलेल्या प्रेक्षकासारखी होते; पात्रें कोण, भांडण कशाचें, कांहींच उमगत नाहीं. जुन्या वाचकास सोडवत नाहीं आणि नव्यास शिरवत नाहीं, अशी ही कोंडी आहे.

तिच्यावरील पहिला तोडगा १९५६ सालीं अमेरिकेंत निघाला. डी. सी. या प्रकाशनसंस्थेचा 'फ्लॅश' नांवाचा वेगवान वीर १९४० सालचा. तो पुढें मागें पडला होता. संस्थेनें नांव आणि वेग कायम ठेवून माणूस मात्र बदलला. जुना फ्लॅश होता जे गॅरिक. नवा झाला बॅरी ॲलन. वाचकांनीं नव्याचें स्वागत केलें, पण मग जुन्याचें काय झालें, हा प्रश्न उरलाच. १९६१ सालीं एका अंकांत दोघांची भेट घडवून त्याचें उत्तर देण्यांत आलें. एकाच अवकाशांत दोन पृथ्व्या आहेत, त्यांच्या कंपनांची गति भिन्न असल्यानें त्या एकमेकींस दिसत नाहींत, आणि दोघे वीर आपापल्या पृथ्वीवर सुखरूप आहेत, अशी ती कल्पना होती. ती इतकी सोयीची ठरली, कीं पुढें पृथ्व्यांची संख्या वाढतच गेली, आणि गुंता सोडविण्यासाठीं काढलेली युक्तिच मोठा गुंता होऊन बसली. अखेर १९८५-८६ सालीं बारा अंकांची एक प्रलयकथा रचून संस्थेनें त्या सर्व विश्वांचें एकच विश्व केलें.

तेव्हांपासून या कामाच्या दोन रीति स्पष्ट दिसतात. पहिली रीति जुनें पुसून त्याच जागीं नवें मांडण्याची. २०११ सालीं डी. सी.नें आपल्या सर्व प्रमुख मालिका थांबवून बावन्न नव्या मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या, तें हिचें ठळक उदाहरण होय. हिच्यांत दुकान झटपट स्वच्छ होतें, पण जुन्या वाचकाच्या स्मृतीवर बोळा फिरतो. दुसरी रीति जुनें चालूं ठेवून शेजारीं नवें उभारण्याची. मार्व्हल या संस्थेनें २००० सालीं 'अल्टिमेट' नांवाची मालिका काढली, ती या रीतीची. तींत स्पायडर-मॅन पुन्हां शाळकरी पोर झाला, आणि त्याला चावणारा कोळी किरणोत्सर्गानें नव्हे, तर जनुकांतील फेरफारानें विलक्षण बनला. कारण १९६२ सालीं लोकांच्या मनांत अणूची भीति होती, तर २००० सालीं तेथें जनुकशास्त्र येऊन बसलें होतें.

या दुसऱ्या रीतीचा मोठा लाभ असा, कीं तींत मरण खरें असूं शकतें. मूळ वीर शेजारच्या विश्वांत सुरक्षित असल्यामुळें लेखकाचा हात मोकळा होतो. २०११ सालीं या नव्या विश्वांतील पीटर पार्करला मृत्यु आला, आणि त्याची जागा माइल्स मोरालेस या निराळ्या वंशाच्या मुलानें घेतली. मुख्य मालिकेंत असें धाडस टिकलें असतें किंवा नाहीं, याची शंकाच आहे. हें अल्टिमेट विश्व २०१५ सालीं संपविण्यांत आलें. २०२३ सालाच्या अखेरीस त्याच नांवानें अगदीं निराळें विश्व सुरू झालें. आणि २०२४ सालीं डी. सी.नेंही 'ॲब्सोल्यूट' या नांवानें आपलें शेजारविश्व उभारलें.

या दोन ताज्या प्रयत्नांत यशाचें मर्म चांगलें दिसतें. जुना बॅटमॅन गर्भश्रीमंत. त्याचा वाडा, त्याचा सेवक, त्याचीं यंत्रें, सारें त्या संपत्तीवर उभें. नव्या बॅटमॅनजवळ ती संपत्तीच नाहीं. त्याची आई जिवंत आहे, वडील शिक्षक होते आणि ते गोळीबारांत मारले गेले, आणि तो स्वतः पेशानें इंजिनियर आहे. वाडा गेला, पैसा गेला. पण लहानपणीं डोळ्यांदेखत झालेला अन्याय जन्मभर न विसरणारा मनुष्य मात्र तोच राहिला. स्पायडर-मॅनचेंही तसेंच. १९६२ सालच्या कथेंत पीटर हा पोरका मुलगा एका चोरास आळसानें आणि गर्वानें सोडून देतो, आणि तोच चोर पुढें त्याच्या काकांचा प्राण घेतो. २०२४ सालच्या विश्वांत काका जिवंत आहेत, आणि पीटरला शक्ति मिळते ती लग्न होऊन दोन मुलें झाल्यावर. मग प्रश्न पडतो, कीं शहराचें रक्षण करावयाचें, तर घराचें काय? कर्तव्याची गांठ जुनीच आहे. पण ती निराळ्या दोऱ्यांनीं बांधली गेल्यामुळें अधिक घट्ट बसते.

याचें तात्पर्य इतकेंच, कीं प्रत्येक टिकाऊ वीरकथेच्या मुळाशीं अशी एक गांठ असते. वेश, नांव, गांव, काळ हीं तिच्याभोंवतींचीं वेष्टनें होत. नव्या विश्वांत वेष्टनें हवीं तितकीं बदलावींत. पण नव्या परिस्थितींत गांठ अधिक आंवळली गेली, तरच गाडी उंची गांठते. नुसता पहिला अंक अधिक खपतो म्हणून पुन्हां पुन्हां आरंभ करणारी मालिका ही एकाच उंचीवर मागें-पुढें करणाऱ्या गाडीसारखी होय.

या कसोटीची परीक्षा महाराष्ट्राच्या भूमीवरही झाली आहे. परदेशी वीर येथें प्रथम आले ते भाषांतरानें. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया वृत्तसमूहानें १९६४ सालीं सुरू केलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून ली फॉक यांचा फॅन्टम मराठी मुलांच्या भेटीस आला, तो 'वेताळ' होऊन. त्याच्या रानाचें मूळ नांव बंगालची आठवण करून देणारें होतें, म्हणून तें बदलून 'डेंकाली' करण्यांत आलें. हें नवें विश्व नव्हे. परदेशी पाहुण्यास येथील बोली चुकीची वाटूं नये, एवढीच ती व्यवस्था होती. १९९० सालीं ही माला बंद पडली. परंतु वेताळ हें नांव देतांना भाषांतरकारांनीं एक मोठें काम केलें. न मरणारा, रानांत राहणारा आणि दुष्टांस धाक घालणारा, असा वेताळ गांवोगांवच्या वेशीवर पूर्वींच बसलेला होता. नवा वीर त्याच्या ओळखीनें घरांत शिरला.

खरा नवजन्म झाला तो २००४ सालीं. गॉथम एन्टरटेन्मेंट ग्रुप या संस्थेनें मार्व्हलच्या परवानगीनें 'स्पायडर-मॅन : इंडिया' ही चार अंकांची कथा काढली. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग हे तिचे कर्ते. चित्रें कांग यांचीं. न्यूयॉर्कची झाली मुंबई. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर. खेड्यांतून शिष्यवृत्ति मिळवून मुंबईस शिकावयास आलेला, आणि धोतर नेसतो म्हणून वर्गांत हिणविला जाणारा मुलगा. बेनकाकांचे झाले भीमकाका, मे काकूंची माया, मेरी जेनची मीरा जैन, आणि नॉर्मन ऑसबॉर्नचा नलिन ओबेरॉय. कोळ्याच्या दंशाऐवजीं एका प्राचीन योग्याकडून पवित्रला शक्ति मिळते, आणि ओबेरॉय रसायनानें नव्हे, तर मंत्रतंत्रानें राक्षस होतो.

या कथेचें कौतुक करावयास हवें, कारण मुंबईच्या गगनचुंबी इमारतींवरून धोतर नेसलेला स्पायडर-मॅन झेपावतांना पाहून मुलांस जो अभिमान वाटला, तो खोटा नव्हता. पण गांठीच्या कसोटीवर ती कोठें उतरते? काकांचा मृत्यु येथेंही आहे, आणि संकटांत सांपडलेल्या स्त्रीकडे वीरानें केलेलें दुर्लक्ष हेंच त्याचें कारण. तेथपर्यंत कथा भक्कम आहे. परंतु मूळ कथेंत शक्ति मिळते ती अपघातानें. ती कशासाठीं वापरावी, हें सांगणारा कोणी नसतो. म्हणून कर्तव्य त्या मुलास स्वतःच्या चुकींतून शोधावें लागतें. योग्यानें हेतु सांगून शक्ति दिली, कीं कर्तव्य आयतेंच हातीं येतें, आणि मुलाचा शोध आज्ञापालनाच्या पातळीवर उतरतो. कोळ्याच्या जागीं योगी ठेवणें हा वेष्टनाचा बदल वाटला, पण त्यानें गांठच सैल केली.

दुसरें असें, कीं मुंबई ही या कथेंत बहुतांशीं पडद्यावर रंगविलेल्या देखाव्यासारखी राहते. खेड्यांतून शिकावयास आलेल्या मुलाचें मुंबईंतील खरें संकट धोतराचें नसतें. तें जागेचें, भाड्याचें, लोकलच्या गर्दीचें आणि गांवाकडे पाठवावयाच्या पैशांचें असतें. ज्या शहरांत दहा बाय बाराच्या खोलींत पांच माणसें राहतात, तेथें गुप्त वेश लपवावयाचा कोठें, या एका प्रश्नांतच अर्धी कथा होती. योगी आणि राक्षस परदेशी वाचकास ओळखूं येतात. चाळीची गॅलरी त्याला समजावून सांगावी लागते. कथेनें सोपी वाट धरली.

तथापि पवित्र प्रभाकर चार अंकांत संपला नाहीं. २०१४ सालच्या अनेक-विश्वांच्या कथेंत तो पुन्हां दिसला, आणि २०२३ सालीं 'ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चलच्चित्रपटांत त्याचा खऱ्या अर्थानें नवा जन्म झाला. भारतांत हा पट मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित करण्यांत आला. त्यांत मुंबई आणि मॅनहॅटन मिळून 'मुंबॅटन' हें एकावर एक रचलेलें, वाहनांनीं गजबजलेलें नगर आहे. येथील पवित्र हिणविला जाणारा नाहीं. तो आनंदी आहे, आत्मविश्वासानें भरलेला आहे, आणि 'चाय टी' म्हणणाऱ्या परदेशी मित्रास तो सुनावतो, कीं या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. अजून त्याच्यावर मोठें दुःख कोसळलेलें नाहीं. त्याच्या प्रेयसीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, यांचा मृत्यु विधिलिखित आहे असें इतर विश्वांतील वीर मानतात. पाहुणा माइल्स त्यांस वांचवितो, आणि तें विश्वच ढासळूं लागतें. म्हणजे वीर घडावयास दुःख आवश्यकच आहे काय, हा प्रश्न प्रथमच मुंबईच्या या वीराच्या दारीं उघडपणें येऊन उभा राहतो. २००४ सालच्या कथेंत नांवें बदललीं होतीं. २०२३ सालीं प्रश्न पुढें गेला.

महाराष्ट्रास ही रीति परकी वाटूं नये. मोरोपंतांनीं एकशें आठ रामायणें रचलीं अशी प्रसिद्धि आहे, आणि त्यांतील 'निरोष्ठ रामायणा'ंत तर ओंठांनीं उच्चारावयाचे वर्णच वर्ज्य केले आहेत. तो बदल रूपाचा झाला. पण खंडाळा ज्या मावळांत वसलें आहे, तेथील आणि शेजारच्या मुळशी भागांतील खेड्यांत बायकांनीं जात्यावर गाइलेल्या ओव्यांचा मोठा संग्रह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झाला, त्यांत याहून खोल बदल आढळतो. या ओव्यांत रामाच्या पराक्रमापेक्षां सीतेच्या वनवासाचें दुःख मोठें आहे. आणि तें गातांना सासुरवाशीण आपलेंच दुःख गात असते. कथा तीच, पात्रें तींच. पण गाडीचें इंजिन दुसऱ्या टोकास लागलें आहे.

कॉमिकच्या दुकानांत मुलानें नव्या विश्वाचा पहिला अंक हातीं घेतला, तर वडीलधाऱ्यांनीं त्यावरील चकचकीत अनुक्रमांक पाहून हरखून जाऊं नये, आणि जुनीच गोष्ट म्हणून नाकही मुरडूं नये. मुलानें तो वाचून संपविला, म्हणजे त्याला एवढेंच विचारावें, कीं या वीरास कोणती गोष्ट अवघड गेली? मुलाच्या उत्तरांत नुसता राक्षस असेल, तर अंकांत वेषांतर झालें आहे. उत्तर देतांना मुलगा क्षणभर थांबला, आणि स्वतःच्या घराकडे किंवा गल्लीकडे पाहूं लागला, तर नव्या विश्वाचें सार्थक झालें असें खुशाल समजावें.