जुन्या सीडी प्लेअरमध्ये बदल करून आवाज खरंच सुधारतो का?

माळ्यावर धूळ खात पडलेला सीडी प्लेअर खाली काढायचा, झाकण उघडायचं, आतले चार पार्ट बदलायचे आणि महागड्या प्लेअरसारखा आवाज मिळवायचा. ही कल्पना अनेक हौशी मंडळींना भुरळ घालते. या बदलांना 'मॉडिफिकेशन' किंवा थोडक्यात 'मॉड' म्हणतात. काही जण तर जुन्या प्लेअरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मॉडवर खर्च करतात.

पण कोणत्या बदलाने आवाज खरोखर सुधारतो? कोणत्या बदलाने तो फक्त सुधारल्यासारखा वाटतो? आणि कोणत्या उद्योगामुळे चांगला चालणारा प्लेअर कायमचा बंद पडू शकतो?

सीडी प्लेअरच्या आत काय घडतं?

सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. किंमत होती १ लाख ६८ हजार येन. पुढच्या वर्षी फिलिप्सचा सीडी१०० युरोपच्या बाजारात आला. तेव्हापासून सीडीचं तंत्र मुळात तेच आहे.

सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. डाव्या आणि उजव्या चॅनेलसाठी दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा १६ बिटचा. लेझर हे आकडे वाचतो. वाचताना झालेल्या चुका एक सर्किट दुरुस्त करतं. मग 'डॅक' नावाची चिप आकड्यांचं विजेच्या दाबात रूपांतर करते. त्यानंतर फिल्टर नको असलेल्या उच्च फ्रिक्वेन्सी काढून टाकतो आणि 'ऑप-अँप' ही छोटी चिप तो सिग्नल अँप्लिफायरकडे पाठवते.

म्हणजे प्लेअरचे तीन भाग झाले: वाचणारा, रूपांतर करणारा आणि बाहेर पाठवणारा. या सगळ्यांना वीज देणारा पॉवर सप्लाय हा चौथा. कोणताही मॉड यांपैकी कशाला हात लावतो, यावर त्याचा परिणाम ठरतो.

लेन्स पुसली की आवाज 'गोड' होतो का?

नाही. पण लेन्स पुसणं तरीही गरजेचं असतं.

सीडीवर माहिती अशा पद्धतीने विखरून लिहिलेली असते, की ट्रॅकवर साधारण अडीच मिलिमीटर लांबीचा सलग भाग खराब झाला तरी हरवलेले आकडे हिशेबाने जसेच्या तसे परत मिळवता येतात. नुकसान त्याहून मोठं असेल, तर प्लेअर आधीच्या-नंतरच्या आकड्यांवरून अंदाज बांधतो. तेही जमलं नाही तर आवाज तुटतो किंवा गाणं उडी मारतं.

त्यामुळे लेन्सवर थोडी धूळ बसली म्हणून बासरीचा आवाज थोडा कोरडा झाला, असं होत नाही. आकडे एक तर बरोबर येतात, नाहीतर गडबड स्पष्ट ऐकू येते. प्लेअर डिस्क ओळखत नसेल किंवा गाणं अडकत असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने लेन्स हलकेच पुसणं हा पहिला उपाय. रेल्सवरचं सुकलेलं ग्रीस काढणं आणि ट्रेचा सैल पडलेला रबरी बेल्ट बदलणं हा दुसरा.

कपॅसिटर बदलण्यात किती तथ्य आहे?

सगळ्या मॉडमध्ये सर्वांत जास्त तथ्य यात आहे. कारण ही खरं तर दुरुस्ती आहे.

जुन्या प्लेअरमध्ये इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर डझनांनी असतात. त्यांच्या आतलं द्रव वर्षानुवर्षं सुकत जातं. साध्या कपॅसिटरवर ८५ अंश सेल्सिअस तापमानाला २,००० तास असं आयुष्य दिलेलं असतं. तापमान दर १० अंशांनी कमी झालं, की हे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणजे प्लेअरच्या आत ४५ अंश तापमान असेल तर ३२,००० तास. रोज तीन तास गाणी ऐकली, तर हा काळ साधारण २९ वर्षांचा होतो. १९८५-९० दरम्यानचे प्लेअर या हिशेबाने कधीच मुदत ओलांडून गेले आहेत.

पॉवर सप्लायमधला कपॅसिटर थकला, की वीज पुरेशी स्वच्छ मिळत नाही आणि आवाजात गुणगुण येऊ शकते. आउटपुटच्या वाटेवरच्या कपॅसिटरची क्षमता फारच घटली, तर खर्जाचा आवाज बारीक होतो. असे कपॅसिटर बदलल्यावर 'प्लेअर जिवंत झाला' असं मालक म्हणतो, तेव्हा ते बहुतेक वेळा खरं असतं. मात्र प्लेअर नव्यापेक्षा चांगला झालेला नसतो. तो पुन्हा नव्यासारखा झालेला असतो.

त्यामुळे 'खास ऑडिओ' म्हणून विकल्या जाणाऱ्या दसपट महाग कपॅसिटरची गरज नसते. नामांकित कंपनीचा, १०५ अंशांचा, तेवढ्याच क्षमतेचा आणि तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टेजचा कपॅसिटर पुरतो. प्लस-मायनस मात्र चुकवून चालत नाही. उलटा जोडलेला कपॅसिटर फुटू शकतो.

ऑप-अँप बदलल्याने फरक पडतो का?

हा सर्वांत लोकप्रिय मॉड आहे. जुनी चिप काढायची, सॉकेट बसवायचं आणि नवी, जास्त वेगवान चिप लावायची.

वेगाचा हिशेब सोपा आहे. सीडी प्लेअरचा आउटपुट साधारण २ व्होल्ट असतो. २० किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे माणसाला ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज पूर्ण ताकदीने पाठवायला ऑप-अँपला प्रति मायक्रोसेकंद सुमारे ०.३६ व्होल्ट इतका वेग लागतो. अनेक प्लेअरमध्ये असलेल्या एनई५५३२ या चिपचा वेग आहे ९ व्होल्ट, म्हणजे गरजेच्या २५ पट. त्यामुळे ती काढून आणखी वेगवान चिप बसवल्याने ऐकू येण्यासारखं काही हाती लागण्याची शक्यता कमीच.

उलट धोका असतो. जुनं सर्किट हळू चिपसाठी आखलेलं असतं. त्यात खूप वेगवान चिप बसवली आणि तिच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर लावले नाहीत, तर ती चिप कानाला न कळणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच थरथरू लागते. मग चिप तापते आणि आवाज बिघडतो. शिवाय नामांकित ऑप-अँपच्या नकली चिप सर्रास मिळतात. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात खरेदी करतानाही ओळखीच्या, खात्रीच्या दुकानातूनच चिप घेणं शहाणपणाचं.

नवीन क्लॉक आणि 'नॉस' मॉड म्हणजे काय?

डॅकला प्रत्येक आकडा ठरलेल्या क्षणी मिळावा लागतो. ती वेळ क्रिस्टलवर चालणारं क्लॉक सांभाळतं. त्या वेळेतल्या बारीक चुकीला 'जिटर' म्हणतात. महागडं क्लॉक बसवून जिटर कमी होतो, हे मोजमापात दिसू शकतं. पण तो कानाला कळतो का? जपानमध्ये अशिहारा आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सरावलेल्या श्रोत्यांनाही संगीतातला जिटर ओळखायला तो काहीशे नॅनोसेकंद इतका असावा लागला. नीट चालणाऱ्या सीडी प्लेअरमधला जिटर याच्या कितीतरी खाली असतो.

'नॉस' मॉडची गोष्ट वेगळी आहे. सोनीच्या पहिल्या प्लेअरमध्ये डॅकनंतर खूप तीव्र उताराचा अ‍ॅनालॉग फिल्टर होता. फिलिप्सने वेगळी वाट धरली. त्यांनी आकड्यांची संख्या चौपट करून, म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग करून, १४ बिटच्या टीडीए१५४० चिपमधून जवळपास १६ बिटची कामगिरी मिळवली आणि साधा फिल्टर पुरवला. पुढे १६ बिटची टीडीए१५४१ आली. नॉस मॉडमध्ये हा ओव्हरसॅम्पलिंगचा टप्पाच वगळतात.

याने आवाज खरोखर बदलतो. १० किलोहर्ट्झला आवाज सुमारे पाऊण डेसिबलने, तर २० किलोहर्ट्झला तीन डेसिबलहून थोडा जास्त घटतो. काहींना हा आवाज 'मऊ' वाटतो आणि आवडतो. पण मूळ रेकॉर्डिंगपासून तो एक पाऊल दूर गेलेला असतो. ती चव झाली, अचूकता नव्हे. अँप्लिफायरचं ट्रेबलचं बटण किंचित फिरवूनही बराचसा तसाच परिणाम फुकटात मिळतो.

मग कारखान्यातले मॉड का गाजले?

मरांत्झ कंपनीचे केन इशिवाता यांनी १९९०च्या दशकात सीडी-६३ या तुलनेने स्वस्त प्लेअरवर काम करून 'केआय सिग्नेचर' ही आवृत्ती घडवली. तांब्याचा मुलामा दिलेली चेसिस, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर आणि निवडक पार्ट ही तिची वैशिष्ट्यं. हौशी मॉडला यातून मोठी प्रेरणा मिळाली.

फरक इतकाच, की कारखान्यात प्रत्येक बदलानंतर मोजमाप होतं आणि बिघडलेला नमुना बाजूला ठेवून दुसरा घेता येतो. घरी नमुना एकच असतो. फिलिप्सची जुनी लेझर यंत्रणा आणि टीडीए१५४१ चिप आता कोणी बनवत नाही. सोल्डरिंगच्या अति उष्णतेने सर्किट बोर्डवरची तांब्याची पट्टी एकदा उखडली, की तो प्लेअर अनेकदा फक्त सुट्या भागांच्या कामाचा उरतो.

आवाज सुधारला, हे कसं ओळखायचं?

पैसे आणि मेहनत घातल्यावर आवाज चांगला वाटणं स्वाभाविक आहे. त्यातच आउटपुट जरासा जरी मोठा झाला, तरी कान त्याला 'चांगला' म्हणतो. २००७ साली मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग थेट ऐकवायचं, किंवा मध्ये सीडीच्या दर्जाचं रूपांतर घालून ऐकवायचं. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं, म्हणजे जवळपास नाणेफेकच.

घरी करण्यासारखी एक सोपी युक्ती आहे. आधी फक्त डाव्या चॅनेलमध्ये बदल करायचा, उजवा तसाच ठेवायचा. मग मोनो गाण्यांची सीडी लावायची. १९५०-६०च्या दशकातली बहुतेक मराठी-हिंदी चित्रपटगीतं मोनोच आहेत, त्यामुळे दोन्ही चॅनेलवर तोच आवाज असतो. टेस्ट टोन लावून मल्टिमीटरवर दोन्ही चॅनेलची पातळी सारखी आहे ना, हे पाहायचं. मग घरातल्या कुणीतरी न सांगता कधी डावा, कधी उजवा चॅनेल त्याच एका स्पीकरला जोडायचा आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं. १० पैकी ५ उत्तरं अंदाजपंचेही बरोबर येतात. ९ किंवा १० आली, तर फरक खरा मानायला हरकत नाही, कारण नुसत्या नशिबाने असं घडण्याची शक्यता साधारण १ टक्काच असते.

झाकण उघडण्याआधी काय लक्षात ठेवायचं?

• प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. थोडा वेळ थांबून मल्टिमीटरने तपासल्याशिवाय आत हात घालू नये.
• सीडीचा लेझर जवळजवळ अदृश्य असतो. झाकण उघडं ठेवून प्लेअर चालू असताना लेन्समध्ये थेट पाहू नये.
• जपानमधून आणलेला १०० व्होल्टचा प्लेअर भारतातल्या २३० व्होल्टला थेट जोडला, तर जळू शकतो. त्यासाठी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.
• लेझर हेडला अंगावरची स्थिर वीजही मारक ठरते.
• प्रत्येक पार्ट काढण्याआधी फोटो काढावा. एका वेळी एकच बदल करावा.

थोडक्यात, खर्च कशावर करावा?

आधी साफसफाई, बेल्ट आणि ग्रीस. मग थकलेले कपॅसिटर आणि सुटलेली सोल्डरिंग. एवढं केल्यावर बहुतेक जुने प्लेअर पुन्हा कंपनीने विकले तसे वाजू लागतात. त्यापुढे वेगळा डॅक हवाच असेल आणि प्लेअरला डिजिटल आउटपुट असेल, तर बाहेरून डॅक जोडावा. आतल्या एकाही पार्टला हात लागत नाही आणि आवडलं नाही तर वायर काढता येते.

उरलेले पैसे स्पीकरवर खर्च करावेत आणि ते खोलीत नीट जागी ठेवावेत. दोन ऑप-अँपमधला फरक शोधायला चाचणी घ्यावी लागते. भिंतीला टेकलेला स्पीकर हातभर पुढे ओढल्यावर होणारा फरक मात्र कुणाच्याही कानाला कळतो.