अल्गॉन्क्विनमधला कनूचा दिवस

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील अल्गॉन्क्विन उद्यान १८९३ साली स्थापन झाले. सुमारे ७,६०० चौरस किलोमीटरच्या या अरण्यात २,००० हून अधिक तळी आहेत. वाटाड्यासोबत कनूतून, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद नावेतून, होणाऱ्या सहलीची सुरुवात काठावर होते: लाइफ जॅकेट घट्ट बांधायचे, एक हात वल्ह्याच्या मुठीवर, दुसरा दांड्यावर ठेवायचा. पुढचा वल्हवतो, मागचा वल्हवता वल्हवता दिशाही सांभाळतो. तळे संपले की कनू उलटी करून खांद्यांवर घेतात आणि पायवाटेने पुढच्या तळ्याकडे नेतात. वाटेत बीव्हर या प्राण्याने काटक्या-चिखलाने बांधलेले बांध दिसतात. कधी उथळ पाण्यात पाणवनस्पती खाणारे मूस जातीचे मोठे हरीणही दिसते. उद्यानाच्या आतल्या भागात खाण्यापिण्याच्या पदार्थांचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या नेण्यास बंदी आहे.